कान्झेलवरचा पाव तास

जून महिन्यात ओढा खाली आला आणि अम्ब्रोस बिसिगचं खालचं कुरण एका दुपारीत दगडांखाली गेलं.

हाल्टनच्या माणसाला याचं फारसं नवल वाटत नाही. गाव वसलंय तेच मुळी ओढ्याने आणून टाकलेल्या मातीवर. मागे सरळ उभा कडा, पुढे तळं, आणि मधे सुपाएवढी जमीन. गावाला रस्ता नाही. बाहेर जायचं तर आगबोट. ओढ्याने दिलं, ओढा नेतो, असं म्हणत म्हातारी माणसं दुसऱ्या दिवशी दगड वेचायला लागतात. बिसिगांच्या कुरणातले दगड मात्र वेचण्यासारखे नव्हते. एकेक दगड गोठ्याच्या दाराएवढा होता. त्यातल्याच एकाने अम्ब्रोसचा डावा पाय गुडघ्याखाली चिरडला. चिखलातून स्टर्न गाय ओढून काढताना तो दगडाखाली सापडला होता. गाय वाचली. पाय डॉक्टरांनी लाकडी पट्ट्यांत बांधून दिला आणि वर्षभर कड्याकडे बघायचंसुद्धा नाही म्हणून सांगितलं.

गोठ्यात दोन गायी होत्या, स्टर्न आणि फ्लेकी, आणि चार बकऱ्या. वरच्या कुरणाचा चारा एका गायीला कसाबसा पुरला असता. दुसरी जगवायची तर कड्यावरचं रानगवत हवं होतं, म्हणजे कान्झेल हवं होतं. नाहीतर ऑक्टोबरच्या बाजाराला स्टर्न आगबोटीत चढणार होती, आणि घरातलं निम्मं दूध आणि सगळं चीज तिच्याबरोबर जाणार होतं.

कान्झेल हा कड्याचा एक टप्पा. चर्चमध्ये पाद्रीबाबा ज्या उंच सज्ज्यात उभे राहून उपदेश करतात, तसा तो तळ्यावर पुढे आलेला. तिन्ही बाजूंना काही नाही. त्याच्यावरचं गवत कमरेएवढं वाढतं. अम्ब्रोसने अकरा वर्षं ते कापलं होतं, तरी ते त्याचं नव्हतं. रानगवत कुणाचंच नसतं. सेंट लॉरेन्सच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी सहाची घंटा झाल्यावर, ज्याचं पातं पहिलं लागेल त्याचं ते गवत, आणि तेही त्या वर्षापुरतं. घरामागे एकच माणूस. घंटेआधी पातं लावलं तर त्याचा विळा चर्चच्या ओसरीत टांगला जातो, घराच्या नावासकट, आणि तो पुन्हा खाली उतरत नाही. तिथे तीन विळे गंजत लटकलेले होते. त्यातला सगळ्यात नवा सदतीस वर्षांचा. रविवारी चर्चला जाणारा प्रत्येक माणूस त्यांच्याखालून जातो.

सणाच्या दिवशी दुपारी अम्ब्रोस अंगणात ओंडक्यावर बसून विळ्याचं पातं ठोकत होता. पाय समोर लाकडासारखा पसरलेला. ओंडक्यात रोवलेल्या छोट्या ऐरणीवर पातं धरून तो हातोडीने धार पातळ करत होता. टक, टक, टक. समोर आगाथा त्याचे काटे तेलाने पुसत होती. बुटाखाली बांधायचे ते लोखंडी काटे तिच्या पायाला मोठे होते. तिने चामड्याला दोन नवी भोकं पाडली होती.

"फुटक्या पाइनपाशी आल्यावर?" अम्ब्रोसने वर न बघता विचारलं.

"सगळे उजवीकडे जातात. मी डावीकडे."

"डावीकडे काय?"

"बकऱ्यांची वाट. काळी भेग. हात भेगेत घालायचा, पूर्ण, कोपरापर्यंत."

"आणि पाय?"

"पायाकडे बघायचं नाही."

"हं." त्याने दोन घाव घातले. "बघितलं की संपलं. मी एकदा बघितलं होतं."

"मग काय झालं?"

"तुझ्याशी लग्न झालं," तो म्हणाला. ती हसली नाही तेव्हा त्याने पुन्हा हातोडी चालवली.

तळ्यापलीकडचे डोंगर त्या दिवशी फार जवळ दिसत होते. झाडं मोजता आली असती. अम्ब्रोसने तिकडे पाहून नाक फेंदारलं. "फ्योन येणार. उद्या दुपारपर्यंत येईल. दुपारच्या आत खाली ये. त्या वाऱ्यात कान्झेलवर माणूस पानासारखा उडतो."

फाटकाशी कोणीतरी खाकरलं. "येशूची स्तुती असो."

"सदासर्वकाळ," आगाथा म्हणाली.

रेमिगी इन्फांगर होता. चाळिशीचा, रुंद खांद्यांचा, सात गायींचा धनी. आत न येता तो फाटकावर कोपर टेकून उभा राहिला आणि तिच्या हातातल्या काट्यांकडे पाहत राहिला.

"गावात बोलतायत ते खरं म्हणायचं," तो म्हणाला. "मला वाटलं, लोक चेष्टा करतायत."

"चेष्टा करायला लोकांना वेळ बराच आहे," आगाथा म्हणाली.

"अम्ब्रोस, हे बघ. कान्झेल मी कापतो. यंदा माझी नेहमीची जागा मी भावाला दिलीय. अर्धं गवत तुला. कड्यावरून ताणलेल्या तारेने खाली तुझ्या दारात सोडतो. बायकोला कशाला कड्यावर टांगतोस?"

"कान्झेल बिसिगांचं आहे," अम्ब्रोस म्हणाला.

"कान्झेल कुणाचं नाही. ज्याचं पातं पहिलं त्याचं. ओसरीतल्या नियमांच्या फळीवर लिहिलंय."

"फळीवर आणखी बरंच लिहिलंय. घंटेआधी पातं लावलं तर काय होतं, तेही लिहिलंय. आजोबांना विचार तुझ्या."

हातोडी थांबली होती. रेमिगीच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. ओसरीतला सदतीस वर्षांचा विळा त्याच्या आजोबांचा होता. लहानपणी शाळेतली पोरं त्याला 'आधीचा' म्हणून हाक मारत. आजही गावात कोणी जेवायला लवकर बसलं की लोक त्याला इन्फांगर म्हणतात.

"बरंय," रेमिगी म्हणाला. त्याने फाटकावरून कोपर काढला. "उद्या भेटू वर."

तो गेल्यावर आगाथाने काटे खाली ठेवले. "हे बोलायची काही गरज होती?"

"जीभ घसरली."

"घसरायचं तर खाली बसून घसर. वर मी जाणार आहे, तू नाही."

अम्ब्रोसने पातं अंगठ्यावर घासून पाहिलं. मग फळीवरचं सगळं पुन्हा एकदा तिला म्हणून दाखवलं, पाद्रीबाबा लहान मुलांना प्रश्नोत्तरं पाठ करून घेतात तसं. गावाच्या टोकाच्या दगडी क्रुसावरची अक्षरं उजेडात दिसेपर्यंत पाऊल पुढे टाकायचं नाही. घंटेपर्यंत पात्यावरचं फडकं सोडायचं नाही. वरून दगड सुटला, कुणाचा पाय चुकला, कुणी चुकीचं पाऊल टाकताना दिसलं, तर वैरी असला तरी हाक मारायची. सगळं सांगितलं. एक गोष्ट सांगायची राहिली. ती त्याच्या कधी ध्यानात यायचं कारणच नव्हतं.

हाल्टनची जुनी घंटा चिरलेली होती. तिचा आवाज फुटक्या हंड्यासारखा यायचा आणि कड्यावरच्या माणसाला झोपेतही ओळखू यायचा. ती घंटा या वसंतात उतरवली. नवी आली ती आगबोटीतून, फुलांच्या माळा घालून. खाली गावात तिचा आवाज आता सगळ्यांना सवयीचा झाला होता. वरून मात्र तो अजून कुणीच ऐकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी पहाटे शेवटच्या घरापुढच्या दगडी क्रुसापाशी बावीस पुरुष आणि आगाथा उभे होते. तिने अम्ब्रोसची विजार घातली होती आणि त्यावर घागरा कमरेला खोचला होता. पाठीवर जाळं आणि दोर, खांद्यावर लांब दांड्याचा विळा, पात्याला फडकं गुंडाळलेलं. कमरेला पाण्याचं शिंग, त्यात धार लावायचा निसणा. चालताना ते पाणी डुचमळायचं.

"झेव्हर," मागून कोणीतरी म्हणालं, "फळीवर बाई चालते का रे?"

झेव्हर अर्नोल्ड हा पंचांचा मुख्य. पांढरी दाढी, एक डोळा अधू. तो क्रुसाला नाक लावून उभा होता. "फळीवर 'घरामागे एक माणूस' असं लिहिलंय," तो न वळता म्हणाला. "बायका माणसात येतात. तुझ्या घरी येत नसतील तर मला ठाऊक नाही."

लोक हसले. रेमिगी हसला नाही. तो तिच्यापासून हातभर अंतरावर होता. त्याच्या अंगाला गोठ्याचा आणि सकाळच्या कॉफीत घातलेल्या दारूचा वास येत होता.

"अक्षरं दिसतायत," झेव्हर म्हणाला. "देव सांभाळो."

पुढे तासभर चढण. जंगलातून वर, मग मोकळ्या उतारावर. माणसं आपापल्या जागांच्या दिशेने पांगत गेली. आगाथाच्या पुढे शेवटी एकटा रेमिगी उरला. त्याची पाठ धाप न लागता वर चालली होती. फुटक्या पाइनपाशी तो उजवीकडच्या रुंद घळीत शिरला. आगाथा डावीकडे वळली.

काळी भेग थंड आणि ओली होती. तिने हात कोपरापर्यंत आत घातला. पाय बुळबुळीत दगडावर चाचपडला, सरकला, काट्यांचा चर्रर्र असा आवाज झाला. तिने खाली पाहिलं नाही. तोंडाने ती काहीतरी पुटपुटत होती. प्रार्थना नव्हती, गायींची नावं होती. स्टर्न. फ्लेकी. स्टर्न. विळ्याचा दांडा कपाळावर आपटला. मग गुडघा वर आला, हाताला गवत लागलं, आणि ती कान्झेलवर होती.

रेमिगी अजून पोचला नव्हता.

ती गवताच्या काठाशी उकिडवी बसली. घाम पाठीवर गार होत होता. गवत तिच्या तोंडाइतकं उंच होतं, बारीक पात्यांचं, मधे जांभळी फुलं. खाली तळं शाईसारखं, हलत नव्हतं. वारा थांबला होता. इतका थांबला होता की तळ्यापलीकडच्या फ्ल्यूबाखात एक कुत्रं भुंकत होतं, ते जणू बिसिगांच्या अंगणात भुंकतंय असं वाटावं. कुणीतरी वल्ही नावेत टाकली, तेही ऐकू आलं. आगाथाला ते ऐकू आलं, पण तिने मनावर घेतलं नाही. तिचा कान फक्त एका आवाजासाठी उघडा होता.

घळीच्या तोंडाशी दगड खडखडले. रेमिगी वर आला. तिला पाहून थबकला. मग बकऱ्यांच्या वाटेकडे पाहिलं आणि मान डोलावली.

"अम्ब्रोसने शिकवलं वाटतं."

तो तिच्यापासून वीस पावलांवर, दुसऱ्या काठाला, बूट पसरून बसला. घंटेच्या वेळी दोघं एकाच जागी बसलेले असतील तर मात्र गवत निम्मं निम्मं. तेवढं तिला ठाऊक होतं. पण पहिलं पातं ज्याचं लागेल तो आपली बाजू निवडतो, आणि दरीकडची बाजू जास्त दाट होती. निदान ती तरी. तिने पात्यावरच्या फडक्याची गाठ चाचपून पाहिली.

आणि घंटा झाली.

तीन टोले. थांबून तीन. थांबून तीन. मग सलग. आवाज स्वच्छ, नवाकोरा, चिर नसलेला. आगाथाने एका झटक्यात फडकं सोडलं, उभी राहिली आणि पातं गवतात फिरवलं. सर्रर्र. गवताची पहिली ओळ पायापाशी आडवी झाली. सर्रर्र. दंडांना कळ लागली, खांदा ओढला गेला, पण पातं लोण्यातून जावं तसं जात होतं. अम्ब्रोसने चांगलं ठोकलं होतं. ती दरीच्या बाजूने पुढे सरकत गेली. ओल्या गवताचा वास नाकात भरला. अर्ध्या वाटेवर धार लावायला थांबली, शिंगातला निसणा काढून पात्याला घासला, आणि तेव्हा तिने सहज पाहिलं.

रेमिगी उभा होता. विळा त्याच्या खांद्याला टेकलेला. पात्यावर फडकं तसंच.

"काय झालं?" तिने विचारलं.

"काही नाही. घाल की अजून."

तिला वाटलं, धाप लागली असेल. वाटलं, आपलं निम्मं देऊन टाकायचं त्याच्या मनात आलं असेल. माणसाच्या मनात काय येईल सांगता येत नाही. ती पुन्हा कापायला लागली. दरीची कड पूर्ण झाली. ती वळली. अंगरखा पाठीला चिकटला होता. रेमिगी तसाच उभा.

तेवढ्यात खालून, पायाखालच्या खडकातून यावा तसा, जाड, दबका आवाज वर आला. तीन टोले. थांबून तीन.

आगाथा विळा हातात धरून उभी राहिली. दुसरी घंटा. एका सकाळी दोन घंटा कशा होतील? मग तिला तळ्यापलीकडे चर्चचा टोकदार मनोरा दिसला, फार जवळ, अगदी हाताशी. फ्ल्यूबाख. फ्ल्यूबाखचे लोक सकाळची घंटा पाव तास आधी वाजवतात. शंभर वर्षांपूर्वी मासेमारीच्या हक्कावरून दोन गावांचं भांडण झालं, तेव्हापासून ते हाल्टनच्या आधी उठून दाखवतात. लहान मुलालाही ठाऊक आहे. फ्योनच्या आदल्या शांततेत त्यांचा आवाज तळ्यावरून येतो, हेही ठाऊक आहे. तिलाही ठाऊक होतं.

"ही आपली," रेमिगी म्हणाला. सावकाश त्याने आपलं फडकं सोडलं, घडी करून खिशात ठेवलं आणि आपल्या बाजूच्या गवतात पातं घातलं. "आता लाव म्हटलं तर तुला लावता येणार नाही, आगाथा. उतर खाली. वारा यायच्या आत."

दुपारी बाराला फ्योन फुटला. तळं पांढरं झालं, छपरावरचे दगड हलायला लागले. गावात चूल विझवायची दवंडी फिरली; या वाऱ्यात एक ठिणगी सगळं गाव खाते. बिसिगांच्या घरात थंड दूध आणि पाव. आगाथाने पावाला हात लावला नव्हता.

"कुणी पाहिलं?" अम्ब्रोसने विचारलं.

"रेमिगीने."

"आणखी?"

"कोण असणार तिथे?"

"मग एकाच्या शब्दाला एकाचा शब्द. तू म्हण, नाही. आपल्या घंटेलाच कापलं. तो म्हणेल, आधी. त्याचं घराणं कोणाला ठाऊक नाही?"

"अम्ब्रोस, मी कापलं."

"मला ठाऊक आहे." त्याने टेबलावर मूठ आपटली. दूध सांडलं. "माझ्या बापाचा विळा आहे तो. आणि गोठ्यात जाऊन बघ. स्टर्नच्या तोंडाकडे बघ आणि मग तुझं खरं बोल."

ती गोठ्यात गेली. स्टर्न रवंथ करत उभी होती. वाऱ्याने तुळया करकरत होत्या. आगाथाने तिच्या मानेवर हात टेकवला. मग तिने कोपऱ्यातला विळा उचलला, पातं घोंगडीने पुसलं आणि घरात न जाता चर्चकडे निघाली. मागून कुबडीची टकटक येत होती. तिने मागे पाहिलं नाही.

ओसरीत सगळं गाव जमलं होतं. भिंतीवर तीन गंजके विळे वाऱ्याने एकमेकांवर आपटत होते. त्यांच्याखाली ती जुनी फळी, अक्षरं काळी पडलेली. झेव्हर अर्नोल्ड फळीपाशी, आणि घंटा वाजवणारा म्हातारा मेल्क काका त्याच्या शेजारी. मेल्क काका टोपी हातात चुरगाळत होता, जणू चूक त्याचीच.

"रेमिगीने सांगितलंय," झेव्हर म्हणाला. "आता तू सांग. घंटेआधी पातं लावलंस?"

कुणीतरी खोकलं. अम्ब्रोस मागे येऊन उभा राहिला होता. त्याचा श्वास तिला ऐकू येत होता. नाही, एवढाच शब्द. दोन अक्षरं.

"लावलं," आगाथा म्हणाली.

गर्दीत उसासा उठला. अम्ब्रोसची कुबडी दगडावर घसरली.

"फ्ल्यूबाखची घंटा होती. मला आपली वाटली. नवी घंटा वरून कशी ऐकू येते, मला ठाऊक नव्हतं."

"कुणालाच नाही," मेल्क काका पुटपुटला. "वर आवाज धड जातच नसेल तिचा. तळ्यात पडत असेल."

"काका, तुम्ही थांबा," झेव्हर म्हणाला. "चूक ती चूक. किती कापलंस?"

"दरीची कड पूर्ण. पाव तास."

"पाव तास," झेव्हर म्हणाला.

"पाव तास," ती पुन्हा म्हणाली. मग रेमिगीकडे वळली. आवाज चढला नाही तिचा. "तू वीस पावलांवर होतास. पाव तास तू काय करत होतास?"

रेमिगीने ओठ ओले केले. "मी माझ्या घंटेची वाट बघत होतो. नियमाने."

"मी विचारलं, काय झालं. तू म्हणालास, घाल की अजून."

"तसं म्हणालास?" झेव्हरने विचारलं.

वाऱ्याने ओसरीचं दार आदळलं. रेमिगी दाराकडे बघत राहिला. त्याला नाही म्हणता आलं असतं. एकाच्या शब्दाला एकाचा शब्द. पण ती नुकतीच सगळ्यांसमोर स्वतःविरुद्ध खरं बोलली होती, आणि तिच्या शब्दाला आता वजन आलं होतं. ते त्यालाही दिसत होतं.

"म्हणालो," तो म्हणाला.

झेव्हर फळीकडे वळला. अधू डोळा मिटून चांगला डोळा अक्षरांना लावला आणि सगळ्यात खालची ओळ बोट ठेवून वाचली. "कड्यावर जो दुसऱ्याची चूक पाहील त्याने हाक मारावी. पाहून जो गप्प राहील तो त्या चुकीचा भागीदार."

"ते दगडासाठी आहे!" रेमिगी ओरडला. "पाय घसरण्यासाठी! गवतासाठी नाही!"

"इथे दगड लिहिलेलं नाही. चूक लिहिलंय." झेव्हर वळला. "आज गवतासाठी गप्प राहिलास. उद्या दगडासाठी कोण गप्प राहील, कोणी सांगावं? दोन्ही विळे इथे ठेवा. यंदा कान्झेलवर कुणाचं पातं लागणार नाही."

मेल्क काकाने शिडी आणली. आधी बिसिगांचा विळा टांगला, मग इन्फांगरांचा. आजोबांच्या विळ्याशेजारीच जागा होती. रेमिगीने स्वतःच्या हाताने दांडा वर दिला. त्याचे कान पांढरे पडले होते.

घरी आल्यावर अम्ब्रोस म्हणाला, "माझा बाप त्या पात्याने चाळीस वर्षं कापत होता." आणि भिंतीकडे तोंड करून पडला.

फ्योन दोन दिवस वाहिला आणि आगाथाने आणि रेमिगीने कापलेलं गवत कान्झेलवरून उचलून तळ्यात घेऊन गेला. मग पाऊस आला. पाचव्या दिवशी आभाळ निवळलं, तेव्हा ती झेव्हरच्या दारात उभी होती.

"तुम्ही म्हणालात, पातं लागणार नाही."

"म्हणालो."

"हात?"

झेव्हरने दाढी खाजवली. तिच्या हातांकडे पाहिलं. "हातांबद्दल फळीवर काही नाही," तो म्हणाला. "पण ते गवत चाकूसारखं असतं, पोरी."

"असू दे."

अम्ब्रोसने जुना सदरा फाडून त्याच्या पट्ट्या केल्या. त्या तिच्या तळव्यांना बांधल्या, प्रत्येक बोटाला वेगळी. शेवटची गाठ दातांनी आवळली. मग कुबडी घेऊन तो तारेच्या खालच्या टोकाशी, गोठ्यामागे, जाऊन बसला.

पहिल्या दिवशी तिने एका जाळ्याचं गवत हातांनी तोडलं. मुठीत धरायचं, मनगटाला पीळ द्यायचा, खेचायचं. मुळं राहिली पाहिजेत, नाहीतर पुढच्या वर्षी काही नाही. संध्याकाळी पट्ट्या लाल झाल्या होत्या. दुसऱ्या दिवशीही एकच जाळं. तिसऱ्या दिवशी दीड. जाळं तारेला अडकवायचं, ढकलायचं, ते शीळ घालत खाली जायचं आणि खालून अम्ब्रोसचा आवाज यायचा, "आलं!" एवढं एकच तो बोलायचा. पण दर खेपेला बोलायचा.

खाली गावात हसत असणार, हे तिला ठाऊक होतं. बकरी म्हणत असतील. तिने नावं ठेवणाऱ्यांसाठी एक शिवी शोधून ठेवली होती, पण ती वापरायची वेळ आली नाही.

चौथ्या दिवशी घळीच्या तोंडाशी दगड खडखडले.

रेमिगी वर आला. हातात विळा नव्हता. तळव्यांना पोत्याच्या पट्ट्या बांधलेल्या, वेड्यावाकड्या, जणू स्वतःच एका हाताने बांधलेल्या. तो तिच्याकडे न बघता दुसऱ्या काठाला गेला, गुडघ्यावर बसला आणि गवत तोडायला लागला. त्याचीही जागा यंदा भावाकडे गेली होती. सात गायी.

सकाळभर फक्त गवत तुटण्याचा आवाज, आणि कधी त्याची दबकी शिवी, पात्याने बोट कापल्यावर. दुपार झाली. ती पाणी प्यायली. तो प्यायला. ती कड्याच्या भिंतीकडे सरकली, कारण तिथलं गवत दाट होतं, आणि पाठ वाकवून दोन्ही हातांनी ओढायला लागली. कानात रक्त वाजत होतं. वर कुठे बकऱ्या असतील, कुठे पावसाने माती सुटली असेल, तिला काही ऐकू आलं नाही.

"दगड!"

आवाज असा आला की तिचं अंग विचार न करता भिंतीला चिकटलं. गाल खडकावर. काहीतरी मोठं, काळं, तिच्या पाठीमागून हवा कापत गेलं, गवतात एकदा आपटलं, ती वाकली होती नेमकं तिथे, आणि कडेवरून नाहीसं झालं. किती वेळाने कोण जाणे, खाली तळ्यात डुबुक असा आवाज झाला.

ती वळली. रेमिगी उभा होता, दोन्ही हात तोंडाशी, अजून ओरडायच्या तयारीत. हळूहळू त्याने हात खाली घेतले. पट्ट्यांतून रक्त ठिपकत होतं.

आगाथा खाली बसली. दगडाने पाडलेल्या खड्ड्याकडे पाहिलं. ओली माती, तुटलेली जांभळी फुलं.

"हाक ऐकली," ती म्हणाली.

रेमिगीने मान डोलावली आणि आपल्या जागी परत गेला. गुडघ्यावर बसला. मूठभर गवत धरलं आणि मग तिच्याकडे पाठ असतानाच म्हणाला, "बकऱ्यांच्या वाटेने उतरू नकोस आज. माती सुटलीय."

संध्याकाळी तिने शेवटचं जाळं तारेला लावून ढकललं. शीळ घालत ते खाली गेलं. आतापर्यंत जमलेलं स्टर्नला नाताळपर्यंत पुरलं असतं. आठवडाभर ऊन राहिलं तर कदाचित फेब्रुवारीपर्यंत.

"आलं!" खालून आवाज आला.

तिने काटे घट्ट केले आणि उजवीकडच्या घळीने, रेमिगीच्या मागोमाग, उतरायला लागली.